खातं एकाचं, हात कुणाचा?

विद्यापीठाच्या संगणक-यंत्रणेत काही गडबड झाल्याचं उघडकीला आलं की तासाभरातच एक नाव हाती येतं. ईआरपी या कारभाराच्या प्रणालीतले गुण बदललेले दिसतात, एखाद्या मुलीला विद्यापीठाच्याच ईमेलवरून घाणेरडे संदेश येतात, ग्रंथालयाच्या वर्गणीवर हजारो शोधनिबंध एका रात्रीत उतरवून घेतलेले आढळतात. संगणक केंद्रातला माणूस लॉग, म्हणजे यंत्रणेने ठेवलेल्या नोंदी, उघडतो आणि सांगतो, अमुक विद्यार्थ्याच्या खात्यावरून झालं. तिथून पुढची सगळी चौकशी त्या एका नावाभोवती फिरते. पण लॉगमध्ये असतं ते खात्याचं नाव. त्या वेळी कळफलकावर बोटं कुणाची होती, हे लॉगला माहीत नसतं. हे अंतर ओलांडण्यासाठी विद्यापीठांनी काय काय केलं, कुठे घाई केली आणि कुठे शहाणपण दाखवलं, याचा साठ वर्षांचा इतिहास आपल्यासमोर आहे. तो मुख्यतः अमेरिकेतला आहे, कारण पासवर्डचं खातं तिथल्या विद्यापीठांत रुजलं आणि त्यावरचे वादही तिथल्याच न्यायालयांत गेले. आपली मुलं शिकायला तिथे जातात आणि इथली महाविद्यालयंही आता प्रवेशापासून निकालापर्यंत लॉगिनवर चालतात, म्हणून तो आपल्यालाही नीट माहीत असायला हवा.

अमेरिकेतल्या एमआयटीत 1961 साली फर्नांडो कॉर्बाटो यांच्या पथकाने सीटीएसएस ही यंत्रणा चालवून दाखवली. एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं, तर प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहायला हव्यात आणि प्रत्येकाने वापरलेला वेळ मोजता यायला हवा. त्यासाठी पासवर्ड आला. 1962 मध्ये अ‍ॅलन शेर या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. त्याने पंच कार्ड घालून पासवर्डची फाइल छापून मागितली आणि यंत्रणेने ती निमूट छापून दिली. पुढे तो इतरांच्या खात्यांवर आपलं काम उरकत राहिला. हे त्याने स्वतः सांगितलं, तेव्हा पाव शतक उलटून गेलं होतं. एवढा काळ त्या इतरांच्या नावावर त्यांनी न केलेल्या कामाची नोंद होती. 1966 मध्ये याच यंत्रणेत दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड झळकले. पासवर्ड जन्मला तेव्हापासूनच तो मालकाच्या हातून निसटत आला आहे.

संशय विद्यार्थ्यावर किती सहज जातो, याचं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. ऑगस्ट 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणक-वापराच्या हिशोबात 75 सेंटची तफावत सापडली. शेजारीच बर्कलीचं विद्यापीठ. कुणीतरी हुशार पोरगा खोड्या काढतोय, असंच सगळ्यांना आधी वाटलं. शिवाय घुसखोर वापरत होता ते खातं परदेशी गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्याचं होतं. स्टोलने खातं बंद केलं नाही. प्रत्येक कळ कागदावर उतरवून घेत, टेलिफोनच्या तारांचा माग काढत, तो महिनोन्‌महिने पाठीमागे राहिला. माग निघाला तो पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत. तिथला मार्कुस हेस अमेरिकी लष्करी संगणकांमधली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकत होता. पहिल्या आठवड्यात बर्कलीचा एखादा विद्यार्थी पकडून शिक्षा केली असती, तर प्रकरण मिटलं असतं आणि खरा माणूस मोकळा राहिला असता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

अर्थात, दर वेळी विद्यार्थी निर्दोष असतो असंही नाही. 2 नोव्हेंबर 1988 रोजी कॉर्नेलच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने आपला ‘वर्म’ प्रोग्राम एमआयटीतल्या संगणकावरून सोडला आणि त्या वेळच्या इंटरनेटवरचे हजारो संगणक ठप्प झाले. या प्रोग्रामचं एक हत्यार होतं सोप्या पासवर्डांचा अंदाज बांधणं. कॉर्नेलने प्रोव्होस्टच्या अखत्यारीत आयोग नेमला, 1989 मध्ये अहवाल जाहीर केला आणि मॉरिसला विद्यापीठाबाहेर जावं लागलं. न्यायालयात त्याला तीन वर्षं परिवीक्षा, 400 तास समाजसेवा आणि 10,050 डॉलर दंड झाला, तुरुंग नाही. पुढे त्याने हार्वर्डमधून पीएचडी केली आणि आज तो एमआयटीत प्राध्यापक आहे. शिक्षा झाली, आणि आयुष्यही वाचलं. कॉर्नेलने काय झालं, कसं झालं आणि नियम कोणता मोडला, हे लेखी मांडून जगासमोर ठेवलं, हे मला त्या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडच्या किती चौकशी समित्यांचे अहवाल विद्यार्थ्यांना कधी वाचायला मिळाले?

या सगळ्या आढाव्यात ज्या प्रयोगापाशी थांबावं, तो पुन्हा एमआयटीचाच आहे. 1983 साली तिथे ‘अथेना’ प्रकल्प सुरू झाला आणि काही वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याला खातं मिळालं. त्याबरोबर त्रासही आले: रात्री-अपरात्री छळणारे संदेश, संगणक-कक्षात पडद्यावर मुद्दाम लावलेली अश्लील चित्रं, दुसऱ्याच्या नावाने पाठवलेली पत्रं. ग्रेगरी जॅक्सन हे तेव्हा तिथल्या शैक्षणिक संगणन विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या विभागाने तक्रारीसाठी ‘स्टॉपइट’ नावाचा एक पत्ता तयार केला आणि कक्षाकक्षांत फलक लावले. तक्रार आली की आधी ती नोंदवायची आणि लॉग जपून ठेवायचा. मग खातेदाराला एक छोटं पत्र जायचं. त्या पत्राची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे.

पत्राची सुरुवात ‘तुम्ही असं केलंत’ अशी नसे. ‘तुमचं खातं वापरून कुणीतरी असं असं केलं आहे’ अशी असे. मग खात्याच्या वापराची जबाबदारी खातेदाराची असते, याची आठवण. पुढे दोन वाटा. याची तुम्हाला कल्पना नसेल तर तुमचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला असावा. अमुक कार्यालयात या, आम्ही तो बदलून देऊ. कल्पना असेल, तर हे पुन्हा होणार नाही एवढं बघा. बस्स. धमकी नाही, कलम नाही, माफीनामा नाही.

जॅक्सन यांनी 1994 मध्ये या अनुभवावर निबंध लिहिला, त्यात दोन गोष्टी नोंदवल्या. पत्र मिळालेल्यांपैकी बरेचजण ‘माझा पासवर्ड चोरीला गेला’ म्हणत कार्यालयात यायचे आणि तो बदलून घ्यायचे. कृत्य त्यांचंच होतं याबद्दल विभागाला शंका नसतानासुद्धा. आणि या मंडळींपैकी पुन्हा तोच प्रकार करणारे जवळपास कुणी आढळले नाहीत. कबुली नाही, शिक्षा नाही, तरी वागणं थांबलं.

याला कुणी मवाळपणा म्हणेल. मला ते कारभाराचं शहाणपण वाटतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला कोपऱ्यात गाठून ‘तूच ना?’ विचारलं की तो नाही म्हणतो, आणि एकदा नाही म्हटलं की त्याला त्या खोट्याला चिकटून राहावंच लागतं. आई-वडील येतात, वकील येतो, प्रकरण चिघळतं, आणि ज्या मुलीला त्रास झाला तिचा त्रास मात्र बाजूलाच राहतो. पत्राने त्याला मागे फिरायला जागा ठेवली. शिवाय, ज्याचा पासवर्ड खरोखरच चोरीला गेला होता त्याला हेच पत्र उपयोगी पडलं, आरोपाचा डाग न लागता. एकाच मजकुराने दोषी थांबतो आणि निर्दोष वाचतो, अशी युक्ती प्रशासनात क्वचितच सापडते.

या युक्तीच्या मर्यादाही आहेत. धमकी, पाठलाग, गुणपत्रिकेतले फेरफार, पैशांचा अपहार अशा ठिकाणी सौम्य पत्र पुरत नाही आणि पुरल्याचं सोंग करू नये. पण गंभीर प्रकरणातसुद्धा थेट पोलिसांकडे धाव घेतल्याने न्याय होतोच असं नाही. 1995 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने वर्गातल्या मुलीचं खरं नाव घालून अत्याचाराची कथा इंटरनेटवर टाकली. लिहिणारा कोण, याबद्दल वाद नव्हता. विद्यापीठाने त्याला निलंबित केलं, एफबीआयने अटक केली, तो काही आठवडे कोठडीत राहिला. जून 1995 मध्ये न्यायाधीश एव्हर्न कोह्न यांनी फौजदारी आरोप फेटाळले आणि हे प्रकरण शिस्तभंगाचं म्हणून हाताळलं असतं तर बरं झालं असतं, असं मत नोंदवलं. त्या मुलीला संरक्षण हवं होतं आणि ते देणं विद्यापीठाचं काम होतं. फौजदारी खटला कोसळला, त्याने तिचं काहीच भलं झालं नाही.

आता पुराव्याकडे येऊ, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. समजा, लॉगमध्ये एक ओळ आहे: 14 मार्च, 20:30:12, अमुक खातं, लॉगिन यशस्वी, अमुक आयपी पत्ता. समितीतले ज्येष्ठ प्राध्यापक वाचतात, रात्री साडेआठ. विद्यार्थी म्हणतो, मी तेव्हा मेसमध्ये होतो, दहाजण साक्षीला आहेत. पण सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर भारतीय वेळेनुसार ती नोंद 15 मार्चच्या रात्री दोनची ठरते. पाच तास तीस मिनिटांच्या फरकाने साक्षीदारही निरुपयोगी होतात आणि आरोपही बदलतो. घड्याळ कोणत्या वेळेवर आहे, हा साधा प्रश्न चौकशीत सर्वांत आधी विचारला पाहिजे.

मग आयपी पत्ता. वसतिगृहाच्या वायफायवरचे शेकडो मोबाइल बाहेरच्या जगाला बहुतेकदा एकाच पत्त्याचे दिसतात. त्यातला नेमका कुठला, हे कळायला आतल्या यंत्रणेच्या नोंदी लागतात: त्या क्षणी कोणता आतला पत्ता कोणत्या यंत्राला दिला होता, कोणत्या पोर्टवरून गेला. त्या जपल्या नसतील तर शोध तिथेच संपतो. यंत्राची ओळख म्हणून पूर्वी मॅक पत्त्यावर भिस्त असे. तो बदलणं कधीच अवघड नव्हतं. आणि 2019 सालच्या अँड्रॉइड 10 पासून व 2020 सालच्या आयओएस 14 पासून तर मोबाइल स्वतःहूनच वायफायला बनावट मॅक पत्ता सांगतात. त्यात मित्राच्या लॅपटॉपवर साठवलेला पासवर्ड, प्रयोगशाळेतल्या संगणकावर लॉगआउट न करता उठून गेलेली मुलं, परीक्षा विभागाच्या नावाने आलेल्या खोट्या लिंकवर भरलेली माहिती. ‘खातं त्याचं म्हणजे कृत्य त्याचं’ असं म्हणण्याआधी एवढ्या सगळ्या गोष्टी तपासाव्या लागतात.

आणि यंत्रं माणसाशिवायही नोंदी करतात. 2021 मध्ये डार्टमथच्या गाइझेल वैद्यकीय महाविद्यालयाने सतरा विद्यार्थ्यांवर परीक्षेत कॉपी केल्याचा आरोप ठेवला. आधार होता ‘कॅनव्हास’ या शिक्षण-प्रणालीच्या नोंदींचा: परीक्षा चालू असताना त्यांच्या खात्यांवरून अभ्यासाची पानं उघडल्याचं दिसत होतं. न्यूयॉर्क टाइम्सने याचा तपास केला. दुसऱ्या खोलीत उघडा राहिलेला लॅपटॉप किंवा खिशातला फोन स्वतःहून पान ताजं करत राहतो आणि तशीच नोंद सोडतो, हे समोर आलं. विद्यार्थ्यांना उत्तरासाठी अठ्ठेचाळीस तासही मिळाले नव्हते. काहींना सुनावणीत बोलायला दोनच मिनिटं मिळाल्याचं त्यांनी सांगितलं. पूर्ण लॉग दाखवला नाही अशी तक्रार होती. कबूल करून टाका, असा सल्ला मिळाल्याचंही काहींनी सांगितलं. सात आरोप आधीच मागे घेतले गेले, उरलेल्या दहांपैकी तिघांना काढून टाकण्याचा निर्णय झाला होता. जून 2021 मध्ये महाविद्यालयाने सगळेच आरोप मागे घेतले आणि अधिष्ठात्यांनी माफी मागितली. वृत्तपत्राने हे प्रकरण धसास लावलं नसतं, तर वर्तमानपत्रापर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांचं जे होतं तेच यांचंही झालं असतं.

अज्ञानातून संशय कसा फुगतो, हे 2009 मधल्या बॉस्टन कॉलेजच्या प्रकरणात दिसतं. एका विद्यार्थ्याने सहनिवाशाविषयी बदनामीकारक ईमेल पाठवल्याचा संशय होता. पोलिसांनी त्याच्या खोलीतून संगणक, फोन, आयपॉड जप्त केले. जप्तीसाठी न्यायालयात दिलेल्या अर्जात संशयाची कारणं म्हणून लिहिलं होतं की तो दोन वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो आणि त्यातली एक काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवते. संगणकशास्त्राचा विद्यार्थी लिनक्स वापरत होता, हा त्याचा गुन्हा! मे 2009 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मार्गो बॉट्सफर्ड यांनी ते वॉरंट रद्द ठरवलं आणि सामान परत द्यायला लावलं. चौकशी समितीत संगणक कळणारा, पण तक्रार करणाऱ्या विभागाशी संबंध नसलेला एक तरी माणूस का हवा, ते यावरून कळावं.

परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत तर चुकीची किंमत अनेक पटींनी वाढते. बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय शाखेने 2019 मध्ये कॅनडाच्या एका विद्यार्थिनीला गुण बदलल्याच्या आरोपावरून काढून टाकलं. तिने आरोप ठामपणे नाकारला. विद्यापीठ निर्णयावर ठाम राहिलं. खरं-खोटं मी इथे ठरवू शकत नाही. पण काढून टाकलं म्हणजे व्हिसाही गेला आणि तिला देश सोडावा लागला. अपील करायचं ते परक्या देशातून, कर्जाचे हप्ते डोक्यावर घेऊन. पुण्या-नागपूरहून कर्ज काढून गेलेल्या आपल्या मुलांवर अशी वेळ आली तर त्यांचीही गत हीच.

विद्यापीठाने विद्यार्थ्याच्या संगणकात डोकवावं का, यावर 2007 मधला एक निकाल मार्गदर्शक आहे. डिसेंबर 1999 मध्ये क्वालकॉम कंपनीच्या संगणकांत शिरलेल्या माणसाचा माग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वसतिगृहापर्यंत आला. विद्यापीठाच्या संगणक-अन्वेषकाला दिसलं की तोच माणूस विद्यापीठाच्या मेल सर्व्हरमध्येही घुसला आहे. एफबीआय म्हणत होती, वॉरंट येईपर्यंत थांबा. त्या रात्री संशयित संगणकाचा आयपी पत्ता बदललेला आढळला. खात्री करायला अन्वेषकाने दुरूनच त्या संगणकात लॉगिन केलं आणि मग तो जाळ्यापासून तोडला. अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. विद्यापीठाच्या जाळ्याला जोडला म्हणून विद्यार्थ्याच्या स्वतःच्या संगणकातला खासगीपणा संपत नाही. मात्र मेल सर्व्हर वाचवण्यासाठी, तेवढ्यापुरता आणि तातडीने केलेला तपास चालेल. तो पोलिसांसाठी पुरावा गोळा करायला केलेला नव्हता. ही सीमारेषा आपल्याकडेही जशीच्या तशी लागू करावी अशी आहे: नुकसान थांबवण्यापुरतं बघा, खटला उभारायला उकरू नका. 2012 मध्ये हार्वर्डमध्ये कॉपी-प्रकरणाची माहिती बाहेर कुणी दिली हे शोधायला सोळा निवासी अधिष्ठात्यांची ईमेल खाती तपासली गेली. मार्च 2013 मध्ये ते उघड झाल्यावर एवढा गदारोळ उठला की ईमेल कुणी, कुणाच्या परवानगीने उघडावी याचं नवं धोरण करावं लागलं.

एमआयटीच्या इतिहासाचं दुसरं टोक दुःखद आहे. ज्या संस्थेने ‘स्टॉपइट’ घडवलं, तिच्याच तळघरातल्या तारांच्या कपाटात जानेवारी 2011 मध्ये एक लॅपटॉप सापडला. जेस्टोर या संग्रहातले लाखो शोधनिबंध तो उतरवून घेत होता. संस्थेने पोलिसांना बोलावलं, त्यांच्याबरोबर सीक्रेट सर्व्हिसही आली. तो लॅपटॉप ठेवणारा ॲरन स्वार्ट्झ एमआयटीचा विद्यार्थी नव्हता, पाहुण्यांसाठी खुल्या असलेल्या जाळ्यावर आला होता. जेस्टोरने त्याच्याशी तडजोड करून विषय संपवला. सरकारी वकिलांनी आरोप तेरापर्यंत वाढवले. 11 जानेवारी 2013 रोजी, सव्वीस वर्षांच्या ॲरनने आत्महत्या केली. हॅल ॲबेल्सन यांच्या समितीने त्याच वर्षी जुलैमध्ये दिलेल्या अहवालात संस्थेने चुकीचं वर्तन केल्याचं म्हटलं नाही, पण तटस्थ राहून तिने नेतृत्वाची संधी गमावली, असं सुचवलं. माझं मत त्याहून कडक आहे. तक्रारदार विद्यापीठ असताना विद्यापीठ तटस्थ असूच शकत नाही. पोलिसांना बोलावण्याचा निर्णय एकदा घेतला की दोर आपल्या हातून सुटतात, म्हणून तो निर्णय रात्री ड्यूटीवर असलेल्या माणसावर सोडू नये.

चांगल्या हेतूने दार ठोठावणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. माँट्रियलच्या डॉसन कॉलेजात 2012 मध्ये संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला विद्यार्थी-पोर्टलमध्ये अशी फट सापडली की अडीच लाखांवर विद्यार्थ्यांची माहिती कुणालाही दिसली असती. त्याने ती कळवली, कौतुक झालं. दोन दिवसांनी फट बुजवली का हे पाहायला त्याने तपासणीचं सॉफ्टवेअर चालवलं, तेही परवानगी न घेता. विभागातल्या पंधरापैकी चौदा प्राध्यापकांनी त्याला काढण्याच्या बाजूने मत दिलं. पुढे पोर्टल बनवणाऱ्या कंपनीनेच त्याला नोकरी देऊ केली. त्याने दुसऱ्यांदा केलं ते चूक होतं. पण फट कळवायची कुठे, तपासून बघायची तर कुणाला विचारून, हे सांगणारी ओळ नियमावलीत असेल तर असा मुलगा गुन्हेगार ठरत नाही.

आपल्याकडे कायद्याची कमतरता नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, त्यातली 2008 ची दुरुस्ती. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं कलम 66-सी खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. कलम 43 मधलं कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केलं तर कलम 66 लागतं. ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द महत्त्वाचा. मैत्रिणीने स्वतःहून दिलेल्या पासवर्डने तिचं हॉलतिकीट काढून देणारा मुलगा या कलमात बसत नाही, आणि त्याला कलम दाखवून घाबरवणं गैर आहे. तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करता येत नाही. नुकसानभरपाईसाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे न्यायनिर्णयाची सोय आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशांप्रमाणे अनधिकृत प्रवेशासारखी घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग 180 दिवस राखावे लागतात. सहा तासांची मुदत घटना कळवण्यासाठी आहे, आरोपी ठरवण्यासाठी नाही, एवढं कुलसचिव कार्यालयांनी ध्यानात ठेवावं.

पुराव्याच्या बाबतीतला महत्त्वाचा निकाल तर महाराष्ट्रातूनच गेला. जालना विधानसभेच्या 2014 च्या निवडणुकीवरून अर्जुन पंडितराव खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. उमेदवारी अर्ज वेळेत आला होता का, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावरून ठरवायचं होतं. जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ यंत्र समोर आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत प्रमाणपत्राशिवाय पुराव्यात धरता येणार नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये तर यंत्राच्या जबाबदार व्यक्तीबरोबर तज्ज्ञाचीही सही आणि नोंदीचं हॅश मूल्य लागतं, म्हणजे फाइलचा असा अंकात्मक ठसा की एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. शिस्तपालन समिती म्हणजे न्यायालय नव्हे, हे मान्य. तरी एक्सेलमध्ये चिकटवलेल्या, रंगवलेल्या चार ओळींवर विद्यार्थ्याचं वर्ष घालवायचं, हे कोणत्या तत्त्वात बसतं?

सुनावणीचा हक्कही जुनाच आहे. परीक्षेत गैरप्रकार केल्याच्या कारणावरून निकाल रद्द करायचा तर परीक्षार्थ्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम दास गुप्ता प्रकरणात 1962 मध्येच सांगितलं. 1970 मध्ये बिहारच्या एका केंद्रावरच्या सामूहिक कॉपीच्या प्रकरणात मात्र प्रत्येकाला वेगळं ऐकण्याची गरज नाही, असं ठरलं. खात्याच्या गैरवापरात आरोप एकट्यादुकट्यावर असतो, म्हणून पहिलाच निकाल लागू पडतो.

आणि महाराष्ट्रातलं वास्तव असं की तालुक्याच्या गावातल्या मुलाचा महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा अर्ज अनेकदा सायबर कॅफेवाला भरतो. पासवर्ड तोच ठरवतो, आपल्या वहीत लिहून ठेवतो, सोपा जावा म्हणून सगळ्यांना सारखाच देतो. त्या मुलाच्या खात्यावर त्याच्यापेक्षा त्या वहीचा ताबा जास्त असतो. तोच पासवर्ड पुढे महाविद्यालयाच्या ईआरपीलाही जातो. या मुलाला ‘पासवर्डची जबाबदारी तुझी’ असं नियमावलीतलं वाक्य वाचून दाखवण्याआधी, प्रवेशाच्या दिवशी त्याच्या हातून नवा पासवर्ड टाकून घेणं, ही संस्थेची जबाबदारी आहे.

या सगळ्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. संशय आला की खातं गोठवा, माणसाला नको. वर्ग, वसतिगृह, परीक्षा चालू राहू द्या. लॉगची प्रत त्याच दिवशी हॅशसह वेगळी काढा. पहिलं पत्र खात्याविषयी लिहा, आणि त्याचं उत्तर द्यायला किमान आठवडा द्या. ज्याने लॉग काढला तो समितीत बसू नये. त्रास झालेल्या विद्यार्थिनीला दरम्यान काय संरक्षण दिलं, हे तिला लेखी कळवा. व्यवस्थापन परिषदेवर आणि विद्वत् परिषदेवर बसणाऱ्या मंडळींनी हे येत्या प्रवेशांच्या आधी नियमात आणावं, अशी माझी त्यांना विनंती आहे.

तोवर, ज्याच्या हातात अशी नोटीस पडेल त्या विद्यार्थ्यासाठी: घाबरून फोन किंवा लॅपटॉप साफ करू नकोस, तुझ्या बाजूचा पुरावाही त्यातच आहे. पासवर्ड लगेच बदल आणि बदलल्याची वेळ लिहून ठेव. संपूर्ण लॉगची प्रत आणि सर्व्हरचं घड्याळ कोणत्या वेळेवर चालतं, हे दोन्ही लेखी अर्ज करून माग. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का घे. न केलेल्या गोष्टीच्या कबुलीवर, लवकर सुटका होईल असं कुणीही सांगितलं तरी, सही करू नकोस.